मऊ पोट आणि असह्य कळ: आतड्याच्या धमनीतील गुठळी औषधाने विरघळवल्याचे ग्वाल्हेरमधील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या ६१ वर्षांच्या एका मराठी गृहिणीचे आहे. कुटुंबाच्या संमतीने ते लिहीत असून ओळख पटू नये म्हणून काही घरगुती तपशील बदलले आहेत; वैद्यकीय घटनाक्रम आणि आम्ही घेतलेले निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. ज्या रुग्णालयात हे उपचार झाले तेथे मी अतिदक्षता विभागाचा फिजिशियन म्हणून काम करतो, त्यामुळे यातील काही चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

काकूंना (आम्ही सगळे त्यांना काकूच म्हणत होतो) लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता आणि त्यातून हृदयाची मायट्रल झडप आकसली होती. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी फुग्याने ती रुंद करून घेतल्यावर त्यांची अनेक वर्षे बरी गेली. पुढे मात्र हृदयाचा वरचा डावा कप्पा फुगला आणि एट्रियल फिब्रिलेशन सुरू झाले. या विकारात तो कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरत राहतो. त्यात रक्त साचते, साचलेले रक्त गोठते आणि गुठळीचा एखादा तुकडा सुटून रक्तप्रवाहाबरोबर मेंदू, पाय, मूत्रपिंड किंवा आतडी यांपैकी कुठेही जाऊन अडकू शकतो. हे टाळण्यासाठी काकू सहा वर्षांपासून रोज रात्री रक्त पातळ ठेवणारी असिट्रोमची गोळी घेत होत्या आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी आयएनआर तपासणी दर महिन्याला करून घेत होत्या. तो आकडा दोन ते तीनच्या दरम्यान राही. नाडीचा वेग आवरण्यासाठी डिगॉक्सिनही चालू होते.

जानेवारीच्या सुरुवातीला त्यांच्या दोन दाढा काढाव्या लागल्या. रक्त थांबणार नाही या भीतीने गोळी पाच दिवस आधीपासून बंद ठेवण्यास त्यांना सांगण्यात आले आणि त्यांनी ती बंद ठेवली. ती पुन्हा कधी सुरू करायची, हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. फडताळातला गोळ्यांचा डबा खणात गेला आणि खणातच राहिला. दाढा काढल्याला १९ दिवस झाले होते, म्हणजे गोळी बंद होऊन २४ दिवस, तेव्हा हे सगळे घडले.

पहिले साडेनऊ तास

रथसप्तमीच्या दोन दिवस आधी घरी हळदीकुंकू होते. आलेल्या बायका गेल्यावर भांडी आवरत असताना रात्री साडेनऊच्या सुमारास बेंबीभोवती एकाएकी कळ उठली, आणि ती इतकी तीव्र होती की काकू ओट्याला धरून तिथेच खाली बसल्या. पुढच्या अर्ध्या तासात दोन उलट्या झाल्या आणि एकदा पातळ शौच झाले. दिवसभर गुळपोळ्या आणि भजी खाणे झाले असल्याने घरच्यांना हे अपचन वाटले. सुनेने बेंबीवर हिंगाचा लेप लावला, ओवा दिला. कळ हटली नाही. मध्यरात्री पाऊण वाजता मुलाने त्यांना जवळच्या एका लहान रुग्णालयात नेले.

तेथील डॉक्टरांनी पोट तपासले तर ते मऊ लागले. आम्लपित्ताचे आणि पेटक्यांचे इंजेक्शन दिले, सोनोग्राफी केली, त्यात वायू फार असल्याने पित्ताशयाखेरीज विशेष काही दिसले नाही. पोटाचा एक्सरे आणि स्वादुपिंडाची चाचणी दोन्ही सामान्य आल्या. हृदयालेखावर अनियमित ठोके होते, त्यापुढे ‘जुना आजार’ अशी नोंद झाली. सलाईन लावून सकाळपर्यंत थांबायचे ठरले. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. मऊ पोट हाताला लागले की मनातली धास्ती कमी होते, आणि ती माझीही झाली असती. तरीही त्या रात्री तीन गोष्टी एकत्र समोर होत्या: एकाएकी उठलेली पोटाची भयंकर कळ, पाठोपाठ उलटी आणि जुलाब होऊन आतड्याने स्वतःला रिकामे करणे, आणि गुठळी सुटू शकेल असे हृदय. या तिन्ही एकत्र दिसल्या की आतड्याच्या धमनीचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काकू आमच्याकडे आल्या. बाहेर इतके धुके होते की रुग्णवाहिकेचे दिवे फाटकाशी येईपर्यंत दिसले नाहीत. त्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. मी विचारले, “काकू, दुखतं कुठं?” त्या म्हणाल्या, “कुठं म्हणून सांगू? आतून कुणी पीळ घालतंय, आणि तुम्ही दाबता तर काहीच होत नाही.” मी चारही बाजूंनी पोट दाबून पाहिले. ते खरोखरच मऊ होते. रोग्याला जितके दुखते त्याच्या मानाने तपासणाऱ्या हाताला काहीच सापडू नये, ही विसंगती या आजाराची सर्वांत जुनी खूण आहे. आतड्याचे अस्तर रक्तावाचून तडफडत असते तेव्हा वेदना आतून येते; पोटाचे आवरण मात्र तोवर शांत असते. पोट दाबल्यावर दुखू लागते आणि लाकडासारखे घट्ट होते तेव्हा आतड्याची भिंत आरपार मरू लागलेली असते.

निदान आणि माझी पहिली चूक

लहान आतड्याचा जवळजवळ सगळा भाग आणि मोठ्या आतड्याचा उजवा अर्धा भाग सुपीरियर मेसेंटेरिक नावाच्या एकाच धमनीवर जगतो. महाधमनीतून ती तिरकी खाली उतरते, म्हणून वरून वाहत आलेल्या गुठळीला तिच्यात शिरणे सोपे जाते. अशी गुठळी बहुधा धमनीच्या तोंडाशी थांबत नाही. तीन ते दहा सेंटिमीटर पुढे, मोठ्या आतड्याकडे जाणारी मधली फांदी फुटल्यानंतर धमनी अरुंद होते तेथे ती अडकते. त्यामुळे आतड्याचा सुरुवातीचा भाग पुष्कळदा वाचतो. रक्त पूर्ण थांबले तर सहा तासांच्या आसपास आतड्याची भिंत कायमची मरू लागते. निदानाला दर सहा तास उशीर झाला की मृत्यूचे प्रमाण दुप्पट होते, असे या आजाराबद्दल सांगितले जाते.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही शिरेतून रंगद्रव्य देऊन रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी अँजिओग्राफी करण्याआधी मी मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा अहवाल येण्याची वाट पाहिली, कारण रंगद्रव्याने मूत्रपिंडांना इजा होईल ही भीती आमच्या रोजच्या सवयीत मुरलेली आहे. त्यात पन्नास मिनिटे गेली. आपत्कालीन शल्यचिकित्सकांच्या जागतिक संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की मूत्रपिंड कमजोर असले तरीही ही तपासणी थांबवू नये, कारण निदान लांबल्याने मूत्रपिंडांचे आणि रोग्याचे होणारे नुकसान त्या रंगद्रव्यापेक्षा कितीतरी मोठे असते. क्रिएटिनिन १.३ आले. ते ३ आले असते तरी तपासणी करायचीच होती, मग मी वाट कशाची पाहिली, हा प्रश्न मी त्यानंतर स्वतःला अनेकदा विचारला आहे.

आठ वाजून वीस मिनिटांनी सीटी झाला. धमनीच्या तोंडापासून सुमारे पाच सेंटिमीटरवर तीन सेंटिमीटर लांबीची गुठळी बसली होती. तिच्या कडेने रंगद्रव्याची बारीक रेघ पुढे सरकत होती, म्हणजे वाट पूर्ण बंद नव्हती. शेवटच्या भागातील आतड्याच्या वेटोळ्यांच्या भिंती पातळ आणि फिकट दिसत होत्या, पण भिंतीत हवा नव्हती, यकृताच्या शिरेत हवा नव्हती आणि पोटात मोकळे पाणीही नव्हते. डाव्या मूत्रपिंडात पाचरीच्या आकाराचा एक छोटा मृत भाग होता. गुठळी हृदयातूनच सुटून आली आहे, याचा तो मूक साक्षीदार होता. त्याच वेळी डोक्याचाही सीटी करून घेतला आणि तो स्वच्छ आला. रक्तातील लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडला की वाढणारे आम्ल) २.६, पांढऱ्या पेशी १४,८००, आणि आयएनआर १.१. गोळी बंद असल्याचे त्या शेवटच्या आकड्याने आम्हाला सांगितले, तोवर ते कोणी विचारलेच नव्हते.

पर्यायांचा विचार

नऊ वाजायच्या आत सीटी कक्षातच आम्ही चौघे उभे होतो: शल्यचिकित्सक, हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि मी. हेपारिनचे ५,००० युनिट तिथेच देऊन झाले होते, कारण पुढे काहीही ठरले तरी गुठळी वाढू देणे परवडणारे नव्हते.

पोट उघडून धमनीतील गुठळी काढणे हा जुना आणि भरवशाचा मार्ग. कॅनडातील विनिपेगच्या क्लास या शल्यचिकित्सकांनी १९५१ मध्ये या मार्गाने आतड्याचा रक्तपुरवठा पुन्हा सुरू करून दाखवला, आणि पोट घट्ट झाले असेल तर आजही दुसरा मार्ग नाही. शिवाय आतडी डोळ्यांनी दिसतात, हा त्याचा मोठा फायदा. आमच्या शल्यचिकित्सकांचा हात आतड्यांवर पक्का आहे, पण दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या धमन्या उघडून शिवण्याचे काम ते रोज करत नाहीत आणि रक्तवाहिन्यांचे स्वतंत्र शल्यचिकित्सक आमच्याकडे नाहीत. आकसलेली झडप, फुफ्फुसांत किंचित साचलेले पाणी आणि दर मिनिटाला १३० ठोके अशा स्थितीत पूर्ण भूल देण्याची जोखीम भूलतज्ज्ञांनी मोकळेपणाने सांगितली.

दिल्लीला हलवावे, अशी मुलाची इच्छा होती आणि ती रास्तच होती. ग्वाल्हेरहून दिल्ली सव्वातीनशे किलोमीटर. त्या दिवशीच्या धुक्यात सहा-सात तासांच्या आत पोहोचण्याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते. कळ सुरू होऊन बारा तास होत आले होते. आणखी सात तासांनी जे दिल्लीला पोहोचेल त्यात वाचवण्याजोगे आतडे किती उरले असते, हा प्रश्न आम्ही मुलासमोर याच शब्दांत ठेवला.

तिसरा मार्ग म्हणजे मांडीतील धमनीतून कॅथेटर (बारीक लांब नळी) नेऊन गुठळी शोषून घेणे आणि जी निघणार नाही तिच्या पोटातच विरघळवणारे औषध थेंबथेंब सोडणे. हृदयविकारासाठी आमच्याकडे कॅथलॅब चोवीस तास चालू असते आणि पक्षाघातासाठी अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध नेहमी साठ्यात असते. आतड्याच्या धमनीत असे औषध सोडून गुठळी विरघळवल्याचे वर्णन १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झाले, तेव्हा औषध स्ट्रेप्टोकायनेज होते. त्यानंतर अनुभव हळूहळूच जमत गेला, कारण आजार विरळ आहे. स्वीडनच्या रक्तवाहिन्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत १९८७ ते २००९ या काळातले असे ३४ रुग्ण सापडतात. त्यांपैकी ३० जणांत औषधाने काम केले आणि ९ जण रुग्णालयातच दगावले. धमनी उघडूनही माणसे जातात, हे त्या दोन आकड्यांत शेजारी शेजारी दिसते. अल्टेप्लेज हातातल्या शिरेतून का देऊ नये, हेही मुलाने विचारले. तसे दिल्यास संपूर्ण शरीरात रक्तस्रावाचा धोका पसरतो आणि गुठळीपर्यंत फार थोडे औषध पोहोचते. धमनीतून दिल्यास अगदी कमी मात्रेत काम भागते.

तिसऱ्या मार्गातले धोकेही आम्ही एकेक करून बोललो. आतडे आधीच मेले असेल तर औषध देणे म्हणजे मौल्यवान तास घालवून शिवाय रक्तस्राव ओढवून घेणे. दाढांच्या जखमेतून रक्त येऊ शकते, पण ती जागा बोटाने दाबता येते, म्हणून तो अडसर मानला नाही. खरी धास्ती होती ती हृदयात उरलेल्या गुठळीची. ती अर्धवट विरघळून तुकडा मेंदूकडे गेला तर? छातीवरून केलेल्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) गुठळी दिसली नाही, झडप १.३ चौरस सेंटिमीटर होती. परंतु डाव्या कप्प्याच्या कानासारख्या कोपऱ्यात काय दडले आहे, ते छातीवरून नीट दिसत नाही. अन्ननलिकेतून इको करायला आणखी वेळ आणि गुंगी लागली असती. ही जोखीम आम्ही डोळे उघडे ठेवून स्वीकारली आणि कुटुंबाला तशीच सांगितली.

शेवटी शल्यचिकित्सकांनी जे वाक्य बोलले त्यावर निर्णय ठरला: “औषध धमनी उघडेल, आतड्याचं काय झालंय ते औषध सांगणार नाही. ते पाहायचं काम माझं राहील.” त्यांनी एका कागदावर आपल्या अटी लिहिल्या. दर तासाला पोट तेच तपासतील, दुसरे कोणी नाही. शस्त्रक्रियागृह रिकामे आणि तयार राहील. पोट दाबल्यावर दुखू लागले, ताठ झाले, लॅक्टेट दोनदा ओळीने वाढले किंवा रक्तदाब कोसळला, तर औषध थांबवून पोट उघडायचे, त्यावर चर्चा करायची नाही. सहा तासांनंतरच्या चित्रात काहीच फरक नसला तरीही तेच. चौघांनी त्या कागदावर सह्या केल्या आणि तो काकूंच्या पलंगाच्या पायाशी लावला.

केलेली कार्यवाही

दहा वाजून पाच मिनिटांनी उजव्या जांघेतून कॅथेटर आत गेले. हृदयरोगतज्ज्ञांनी सहा फ्रेंच मापाच्या नळीने दोनदा शोषून पाहिले. तांदळाच्या दाण्याएवढे काळपट लाल तुकडे निघाले, पुढचा प्रवाह किंचित सुधारला, मुख्य गुठळी मात्र हलली नाही. मग बाजूने अनेक छिद्रे असलेले बारीक कॅथेटर गुठळीच्या आत बसवून पावणेअकराला अल्टेप्लेजची पाच मिलिग्रॅमची पहिली मात्रा दिली, आणि अकरा वाजल्यापासून तासाला एक मिलिग्रॅम या वेगाने पंप सुरू केला. जांघेतील आवरणनळीतून हेपारिन तासाला ४०० युनिट चालू ठेवले. या क्षणी कळ सुरू होऊन साडेतेरा तास झाले होते.

पुढचे काम अतिदक्षता विभागाचे होते, आणि तेथे दोन अवयव परस्परविरोधी मागण्या करत होते. रक्तावाचून राहिलेले आतडे पाणी शोषून घेते, त्यामुळे शिरेतून भरपूर द्रव द्यावा लागतो. आकसलेल्या झडपेमागे तेच द्रव फुफ्फुसांत साचते. आम्ही एकावेळी २०० मिलिलिटर देऊन प्रत्येक वेळी फुफ्फुसांची सोनोग्राफी करत गेलो. ठोके कमी झाल्याशिवाय झडपेतून रक्त पुढे उतरायला वेळच मिळत नाही, म्हणून त्यांचा वेग खाली आणणे गरजेचे होते. पण डिगॉक्सिन आतड्यांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे ते थांबवून अल्प मात्रेत मेटोप्रोलोल दिले. नाकातून नळी, प्रतिजैविके, प्राणवायू चालू होते. वेदनेसाठी फेंटॅनिल दिले, परंतु प्रत्येक मात्रा शल्यचिकित्सकांनी पोट तपासल्यानंतरच. दर सहा तासांनी फायब्रिनोजन तपासायचे ठरले होते. गुठळी विरघळवणारे औषध रक्तातील हे प्रथिनही तोडते. ते १५० च्या खाली गेले की मात्रा अर्धी करायची आणि १०० च्या खाली गेले की थांबवायची.

दुपारी चारपर्यंत कळ निम्म्यावर आली. काकूंनी पहिल्यांदा पाय लांब केले. पाच वाजताच्या चित्रात मुख्य धमनीचा अर्ध्याहून अधिक भाग उघडलेला होता. फायब्रिनोजन ४१० वरून २८० वर आले होते.

निर्णयाची सर्वांत अवघड घडी रात्री आठला आली. कळ पुन्हा सुरू झाली, उजव्या बाजूला खाली दाबल्यावर थोडे दुखले आणि लॅक्टेट ३.१ आले. पलंगाच्या पायाशी लावलेल्या कागदाप्रमाणे दाबल्यावर दुखणे हे एकटेही पुरेसे कारण होते. भूलतज्ज्ञ खाली उतरले, शस्त्रक्रियागृहाचे दिवे लागले. पण शल्यचिकित्सकांना ही वेदना वेगळी वाटली. सकाळची कळ अखंड होती. ही पेटक्यांसारखी येत-जात होती, आणि पोट दुखत असले तरी ताठ झाले नव्हते. रक्त परत येऊ लागले की उपाशी राहिलेले आतडे सुजते, जोरात हालते, आणि अडकून राहिलेले आम्ल एकदम रक्तात येते. त्यानेही हेच चित्र दिसू शकते. मेलेल्या आतड्यानेही हेच दिसते. दोन्हींत फरक करणारी कोणतीही चाचणी आमच्या हाताशी नव्हती. अल्टेप्लेज रक्तात पाच मिनिटांतच निम्मे होते, म्हणून पंप बंद करून तासाभरात पोट उघडणे शक्य होते; या एका गोष्टीमुळे आम्ही आणखी एक तास मागून घेण्याचे धाडस केले. शल्यचिकित्सक पलंगाशी खुर्ची ओढून बसले आणि तासभर उठले नाहीत. पावणेनऊला काकूंना काळसर पातळ शौच झाले. नऊला लॅक्टेट २.४ आले, पोट पुन्हा मऊ लागले. पंप चालू ठेवला.

मध्यरात्रीनंतर साडेबाराला जांघेत लिंबाएवढी गाठ दिसली. दाबून धरली आणि वेळेआधीच फायब्रिनोजन पाहिले. अकराला ते १९० होते, एक वाजता १४५ आले. मात्रा अर्ध्या मिलिग्रॅमवर आणली. तीन वाजता शेवटचे चित्र घेतले: मुख्य धमनी मोकळी, शेवटच्या आतड्याकडे जाणाऱ्या एका बारीक फांदीत गुठळीचा उरलेला तुकडा. त्या फांदीसाठी औषध आणखी चालू ठेवावे का, यावर थोडा वाद झाला. जांघेतून रक्तस्राव सुरू असताना एका फांदीसाठी सगळे पणाला लावू नये, असे ठरले आणि पंप बंद केला. सोळा तासांत एकूण २० मिलिग्रॅम औषध लागले होते.

परिणाम

दुसऱ्या दिवशी काकूंची वेदना फारशी नव्हती, लॅक्टेट १.५ होते, आणि औषधाने सगळे निभावले असे मानण्याचा मोह आम्हा सर्वांना झाला. शल्यचिकित्सकांनी मात्र दुर्बिणीने पोटात पाहण्याचा आग्रह सोडला नाही. पंप बंद झाल्यानंतर सुमारे ३० तासांनी, फायब्रिनोजन पूर्ववत झाल्यावर आणि हृदय स्थिर असताना, दुर्बिणीतून पाहणी झाली. बहुतेक सगळे आतडे गुलाबी होते आणि हालत होते. त्या बंद फांदीच्या वाट्याला आलेला ३५ सेंटिमीटरचा एक तुकडा काळा-निळा पडला होता. तो अजून फुटला नव्हता. लहानसा छेद घेऊन तेवढा भाग काढला आणि दोन्ही टोके जोडली. लहान व मोठ्या आतड्याच्या जोडापाशी असलेला शेवटचा भाग राखता आला. ही पाहणी झाली नसती तर बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो तुकडा फुटला असता, आणि तोवर आम्ही त्यांना वॉर्डात हलवले असते.

सहाव्या दिवशी त्यांनी पेज घेतली. बाराव्या दिवशी आयएनआर २.३ असताना त्या घरी गेल्या. तपासणीची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या का देत नाही, असे सुनेने विचारले. संधिवाताच्या तापाने आकसलेल्या झडपेसाठी त्या चालत नाहीत. अशा झडपविकारासोबत एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवरील आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस या चाचणीत रिव्हारॉक्झाबॅन या नव्या गोळीपेक्षा जुन्या पद्धतीच्या गोळीवर मृत्यू कमी झाले, हे तिला समजावून सांगितले. सहा महिन्यांनी काकूंचे वजन चार किलोने कमी होते, दिवसाला दोन-तीनदा शौच होत होते, बाकी त्या पूर्वीसारख्या वावरत होत्या.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त संधी दाढा काढण्याच्या वेळी होती. आयएनआर नेहमीच्या मर्यादेत असताना बहुतेक दाढा ही गोळी बंद न करता काढता येतात. जखमेत टाका घालणे, बोळा दाबून धरणे आणि रक्तस्राव आवरणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक आम्लाच्या चुळा पुरतात. बंद करायचीच असेल तर सुरू करण्याची तारीख त्याच चिठ्ठीवर लिहिली जायला हवी. आमच्याकडेही गोळी थांबवण्याच्या सूचना तोंडी दिल्या जात. आता बंद करण्याची आणि सुरू करण्याची अशा दोन्ही तारखा लिहिल्याशिवाय परिचारिका कागद पुढे जाऊ देत नाहीत.

रात्रीच्या वेळी पहिल्या तासातच रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल विचारले गेले असते, तर निदान सात-आठ तास आधी झाले असते. अनियमित नाडी आणि पोटाची कळ एकत्र दिसली तर सोनोग्राफी व एक्सरे सामान्य असणे याला काही अर्थ राहत नाही. लॅक्टेट सामान्य असले तरीही नाही. क्रिएटिनिनसाठी घालवलेल्या पन्नास मिनिटांविषयी वर लिहिलेच आहे.

रात्री आठला थांबण्याचा निर्णय बरोबर होता का, यावर आमचे आजही एकमत नाही. भूलतज्ज्ञांचे म्हणणे असे की स्वतः सह्या केलेली अट आम्ही मोडली, आणि काकू वाचल्या म्हणून ती मोडणे योग्य ठरत नाही. मला त्यांचे म्हणणे पटते. अट लिहितानाच ‘दाबल्यावर दुखणे’ आणि ‘पोट ताठ होणे’ यांत फरक करायला हवा होता, तसेच पुरवठा परत आल्यावर होणाऱ्या पेटक्यांचा विचार आधीच करून ठेवायला हवा होता. शल्यचिकित्सकांचे म्हणणे वेगळे आहे: सकाळपासून तोच हात त्या पोटावर होता म्हणूनच त्यांना फरक कळला, आणि दर पाळीला माणूस बदलला असता तर त्यांनी स्वतःच पोट उघडायला सांगितले असते. पाळी बदलली तरी निरीक्षण करणारा हात बदलू द्यायचा नाही, एवढे आम्ही दोघांच्या म्हणण्यातून घेतले आहे.

दुर्बिणीची पाहणी मात्र तीस तासांनी न करता आधी व्हायला हवी होती. फायब्रिनोजन दुपारपर्यंतच सावरले होते. कोणाला घाई वाटली नाही, कारण काकू हसून बोलत होत्या.

शेवटच्या भेटीला सून कालनिर्णयाची सहा पाने फाडून घेऊन आली होती. प्रत्येक तारखेच्या चौकटीत गोळीची मात्रा आणि महिन्यातून एकदा आयएनआरचा आकडा निळ्या पेनाने लिहिलेला होता. एका चौकटीत काहीच नव्हते. मी विचारण्याआधीच ती म्हणाली, “त्या दिवशी आम्ही दतियाला गेलो होतो, रात्री अकराला परत आलो. गोळी दिली, लिहायचं राहिलं.” काकूंनी मान हलवून दुजोरा दिला, आणि मी ती चौकट तिच्याकडूनच भरून घेतली.